टाकीची उजवी बाजू

स्वतःविरुद्ध तक्रार आली म्हणून ज्याचा चेहरा उजळतो असा मनुष्य या पृथ्वीतलावर एकच आहे, तो पनवेलला लागून असलेल्या करंजाड्यात राहतो आणि त्याच्याशी माझी ओळख आहे, ही तिन्ही विधाने मी पूर्ण जबाबदारीने करीत आहे. तक्रारींविषयी मत देण्याचा मला थोडाबहुत अधिकार आहे. पदपथावर मांडलेल्या खुर्च्यांपासून ताडपत्रीविना मुरूम वाहणाऱ्या डंपरपर्यंत, जिथे जिथे नियम एक सांगतो आणि माणसे दुसरेच करतात, तिथे तिथे मी पत्र लिहिले आहे. पत्राची पोच मागितली आहे. पोच न मिळाल्याबद्दल निराळे पत्र लिहिले आहे. माझ्या पत्रांनी चिडलेली माणसे मी पाहिली, हसणारी पाहिली, जिन्यात मला पाहून पुन्हा वर जाणारीही पाहिली. पण तक्रार वाचून आपला सत्कार झाल्यासारखे ज्याला वाटले असा हा एकच गृहस्थ. त्यांच्याविषयी लिहिण्याचे मी आजवर टाळत आलो, कारण मी ज्यांच्याविषयी लिहितो त्यांना बहुधा त्याची एक प्रत नोंदणीकृत टपालाने जाते. या लेखनाकडे तसे पाहू नये.

हे गृहस्थ सरकारी मोजणी कार्यालयात आरेखक होते, म्हणजे जमिनींचे नकाशे काढीत. मी त्यांना आजही ‘आरेखक’ याच नावाने हाक मारतो आणि मी कायद्याची पदवी घेतलेली नसतानाही ते मला ‘वकीलसाहेब’ म्हणतात. नेऱ्याला माझी थोडी वडिलोपार्जित जमीन आहे. तिच्या नकाशात हद्दीची रेघ विहिरीच्या अलीकडून गेलेली मला दिसली. ती पलीकडून जायला हवी होती. मी सविस्तर पत्र लिहिले, वरिष्ठांना प्रती पाठविल्या आणि ही रेघ ओढणारा इसम कोण, याचा लेखी खुलासा मागितला. थोड्याच दिवसांत तो इसम स्वतः मोटारसायकलवरून माझ्या दारात हजर झाला. उंच, काटकुळा, पांढरा सदरा, खिशात ओळीने लावलेली पेने. मी भांडणाच्या तयारीने बाहेर आलो. त्यांनी माझ्या टेबलावर नकाशा पसरला, एक डोळा मिटून त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाले, “रेघ चुकली आहे. माझीच आहे. इतक्या वर्षांत माझी रेघ चुकलेली पकडणारे तुम्ही पहिले. हात द्या.” मी हात दिला. त्यांनी तो मनापासून हलविला, चहा घेतला आणि दुरुस्त नकाशा घेऊन पुढच्याच आठवड्यात ते पुन्हा आले. माझ्या मनात पुढच्या तीन पत्रांचा मजकूर तयार होता. तो सगळा वाया गेला.

एक डोळा मिटून पाहण्याची ही सवय त्यांना नकाशापुरती नव्हती. ते माणसांकडेही तसेच पाहत, आणि नवखा माणूस आपला सदरा तपासू लागे. पंगतीत बसले की शेजारच्या चार पानांची रांग स्वतः नीट लावून घेतल्याशिवाय ते भाताला हात लावीत नसत. घरामागची कपडे वाळत घालायची दोरी त्यांनी पाणसळ लावून बांधली होती, आणि “आमच्याकडे कपडे वाळतात की कवायत करतात तेच समजत नाही,” असे त्यांची पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, म्हणत. जासईला एका लग्नात ते मुलीकडचे वडीलधारे म्हणून अंतरपाट धरून उभे होते. मंगलाष्टके ऐन रंगात आली असताना त्यांनी पलीकडच्या टोकाला अंतरपाट धरणाऱ्याला सांगितले, “तुमची बाजू दोन बोटं वर घ्या.” त्याने घेतली. “एक बोट खाली.” भटजी थांबले, बँडवाल्याला वाटले लग्न लागले, त्याने वाजवायला सुरुवात केली आणि अर्ध्या मांडवाने अक्षता टाकून दिल्या. वधूपिता संतापला. आरेखक शांतपणे म्हणाले, “लग्न एकदाच होतं. तिरकं कशाला?” मी त्या मांडवात होतो, आणि माझ्या मते त्यांचे म्हणणे निर्विवाद होते.

पण त्यांचा खरा अभिमान होता तो हाताने ओढलेल्या रेघेचा. पट्टी न लावता ते अशी रेघ ओढीत की तिच्यावर पट्टी ठेवून पाहिली तर दोष पट्टीतच निघावा. ही अतिशयोक्ती आहे, तथापि फार मोठी नाही. “पट्टी हा आधार आहे, वकीलसाहेब,” ते म्हणत, “आणि आधार म्हाताऱ्यांना लागतो.” हे बोलताना त्यांचे केस माझ्यापेक्षा पांढरे होते. विनय हा गुण त्यांच्या अंगी औषधालाही नव्हता. स्वतःची जुनी रेघ पाहून “काय माणूस होता!” असे ते दुसऱ्या कुणाबद्दल बोलावे तसे बोलत.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला. आधी बशीत कप वाजू लागला. मग वहिनी कप अर्धाच भरू लागल्या. मग त्यांनी बशीच बंद केली. डॉक्टरांनी कंपवात म्हणून निदान केले, गोळ्या दिल्या, आणि हात वापरता ठेवा असे सांगितले. आता हात वापरता ठेवायचा म्हणजे सामान्य माणूस रबरी चेंडू दाबील. आरेखकांनी घरामागे बरीच वर्षे झाकून ठेवलेली आपली मोटारसायकल बाहेर काढली. याच गाडीवरून त्यांनी तालुक्यातली गावे मोजली होती. खाडीकडच्या खाऱ्या हवेने तिचे मडगार्ड कडांना पोखरले होते, टाकीला पोचे होते, आणि मूळचा डाळिंबी रंग सीटखालच्या भागाखेरीज कुठेही ओळखू येत नव्हता. त्या टाकीच्या दोन्ही अंगांना पूर्वी एकेक बारीक सोनेरी रेघ होती. जुन्या गाड्यांवर ती कारखान्यात कारागीर हाताने ओढीत. “पत्रा ठोकीन, रंग मारीन, सगळं घरी करीन,” ते मला म्हणाले. “पण ते सगळं निमित्त आहे. शेवटी ती रेघ मी हाताने ओढणार. जमली तर हात माझा. नाही जमली तर मग तो डॉक्टरांचा.”

आणि मग त्यांनी जे केले ते माझ्या उभ्या आयुष्यात कुठल्याही कार्यालयाने केलेले नाही. त्यांनी मला हरकती मागितल्या. “प्रत्येक थराला तुम्ही यायचं, पाहायचं आणि हरकत घ्यायची. भीड धरायची नाही.” मी अट घातली की हरकत लेखी असेल आणि तिची पोच मिळाली पाहिजे. त्यांनी तत्काळ मान्य केले. पोच म्हणून ते पुट्टीने माखलेला अंगठा माझ्या कागदावर उठवीत. गाडीचा रंग बदलायचा असेल तर परिवहन कार्यालयाची परवानगी लागते, हेही मी सुरुवातीलाच त्यांच्या निदर्शनास आणले. ते म्हणाले, “बदलत नाही. परत आणतो आहे.” यावर हरकत घेण्यासारखे काही नव्हते.

टाकी उतरवून, पेट्रोल काढून, आतून-बाहेरून धुऊन त्यांनी ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली आणि पोच्यांची मोजणी केली. मी हे शब्दशः सांगतो आहे. प्रत्येक पोच्याभोवती त्यांनी डोंगराच्या नकाशात असतात तशा उंची-खोलीच्या वळणरेषा पेन्सिलीने काढल्या, प्रत्येकाला गट क्रमांक दिला, आणि एका मोठ्या पोच्यात नंतर दुसरा लहान पोचा पडलेला आढळला तेव्हा त्याचे पोटहिस्से पाडले. कुठला पोचा कुणामुळे पडला तेही त्यांना ठाऊक होते. नेऱ्याच्या वाटेवरली म्हैस, जासईजवळ एका कंटेनरच्या ट्रकवरून सुटलेला दोरखंडाचा आकडा, आणि सर्वांत खोल पोचा त्यांच्या स्वतःच्या गुडघ्याचा. गाडी सुरू होईना तेव्हा रागाने मारलेला. टाकीच्या तोंडातून वाकवलेली सळई घालून ते आतून एकेक पोचा उचलीत, आणि जो उचलला जाई त्याच्या रेषा खोडून तिथे ‘निकाली’ असे लिहीत. हात थरथरत असे. अक्षर वेडेवाकडे येई. ते अक्षराकडे पाहत नसत. जे उचलले जाईनात त्यांत पुट्टी भरायची आणि ओल्या पॉलिश पेपरने घासायची, पुन्हा भरायची, पुन्हा घासायची. पुट्टी मळायला त्यांनी कणकेची परात घेतली होती. “मला नवी परात आणून द्या, मग मरेपर्यंत टाकी घासत बसा,” वहिनी म्हणाल्या. परात आली. मरेपर्यंतचे त्यांनी मनावर घेतले असावे, कारण घासणे काही थांबले नाही.

त्या दिवसांत खाडीकडून मासे घेऊन येणारी एक मावशी दारात पाटी उतरवी. पिवळ्या पुट्टीने माखलेली टाकी पाटावर मांडलेली पाहून ती म्हणाली, “काय ओ दादा, नवरीला हलद लावली ना आमाला आवतान नाय?”

“लग्न लांब आहे, मावशी. अजून मुलगी रुसली आहे,” आरेखक म्हणाले.

“रुसंल नाय तर काय? रोज तिचं त्वांड घासताव तुमी.”

टाकी गुळगुळीत झाली की नाही हे डोळ्यांनी कळत नाही, हे मला तिथे समजले. आरेखक डोळे मिटून, तळव्याखाली रेशमी रुमाल घेऊन टाकीवरून हात फिरवीत. रुमाल जिथे अडखळे तिथे दोष. मलाही ते तसेच करायला लावीत. पहिल्यांदा माझ्या हाताला काहीच लागले नाही. काही रविवारांनंतर मला रुमालाखाली केसाएवढी कड जाणवू लागली आणि माझ्या हरकतींची संख्या झपाट्याने वाढली. ते प्रत्येक हरकत वाचीत, एक डोळा मिटून ती जागा पाहत, “मान्य,” म्हणत आणि घासायला बसत. ‘मान्य’ हा शब्द मी लेखी स्वरूपात अनेक वर्षे शोधत होतो. तो एखाद्याने आपणहून म्हणावा, आणि वर त्याची अंमलबजावणीही लगेच समोर बसून करावी, हे पाहताना मला प्रथम संशय आला, मग आश्चर्य वाटले, आणि पुढे पुढे तर मी रविवारची वाट पाहू लागलो.

रंगाची छटा जुळविण्यासाठी आम्ही सीटखालचा झाकलेला मूळ रंग दाखवायला गाडीचा सगळा सांगाडा हातगाडीवर घालून पनवेलच्या बाजारात नेला. तिथले रंगाचे दुकानदार चाचा जुने, कोकणी मुसलमान घरातले, आणि हाताने रंग मिसळण्यात त्यांची ख्याती. आरेखकांनी त्यांच्या तीन छटा परत केल्या. एक ‘कोकमाकडे झुकते’, दुसरी ‘विटेकडे’, तिसरीबद्दल त्यांनी नुसतीच मान हलविली. चाचांनी चष्मा काढून पुसला. “साहेब, खुदाने डाळिंबसुद्धा दोन सारखे केले नाहीत. तुम्हाला कुठलं डाळिंब हवंय तेवढं सांगा.” आरेखक म्हणाले, “आतून किडकं निघणार नाही असं.” चाचा हसले आणि चौथी छटा जुळली.

रंग फवारायचा तो घरामागच्या मोरीच्या चौकोनात. धूळ बसू नये म्हणून त्यांनी चहूबाजूंनी ओल्या चादरी टांगल्या, जमिनीवर पाणी मारले आणि कॉम्प्रेसर सुरू केला. नेमका त्याच वेळी मुरूम भरलेला डंपर उघडाच गल्लीत शिरला. विमानतळाच्या कामामुळे आमच्या भागात या डंपरांनी जो उच्छाद मांडला आहे त्याविषयी मी लिहिलेल्या पत्रांची उत्तरे अद्याप आलेली नाहीत, हे इथे नमूद करून ठेवतो. मी रस्त्याच्या मध्यभागी जाऊन उभा राहिलो. चालकाने डोके बाहेर काढले. “काका, काय झालं?”

“ताडपत्री बांधा. नियम आहे.”

“एवढ्यासाठी विमानतळ थांबवू काय?”

“थांबवा,” मी म्हणालो. “आत टाकीला रंग लागतो आहे.”

त्याने इंजिन बंद केले. मग खाली उतरून त्याने ताडपत्री बांधली. शासनाला जे लेखी कळले नाही ते त्या मनुष्याला तोंडी कळले. दुर्दैवाने त्या दिवशी हवा दमट होती, आणि रंग सुकताच त्यावर दुधावर यावी तशी पांढुरकी साय आली. मी हरकत लिहिली तेव्हा माझाच हात जड झाला होता. आरेखकांनी अंगठा उठविला, “मान्य,” म्हणाले, आणि इतक्या दिवसांचा सगळा रंग खरवडून पुन्हा पत्र्यापासून सुरुवात केली. त्यांच्या तोंडून त्रासिक शब्द निघाला नाही. मी मात्र घरी जाऊन हवामानाविषयी कुणाला लिहिता येते काय, याचा विचार करीत बसलो.

अखेर कोरड्या दिवसांत रंग बसला. त्या टाकीत मी माझा चष्मा पाहिला आणि चष्म्यात ती टाकी. कळंबोलीला गाड्यांचे स्टिकर लावणारा एक जण पाहून म्हणाला, “काका, सोनेरी पट्टी मी पाच मिनिटांत चिकटवून देतो. कुणाला कळणारपण नाही.” मला काय संताप आला ते मी इथे लिहीत नाही. आरेखक त्याला एवढेच म्हणाले, “कुणाला कळायचं नाही, असं काम मी कधी केलं नाही.”

रेघेसाठी लांब केसांचा बारीक कुंचला असतो. तो सोनेरी तैलरंगात भिजवायचा आणि टाकीच्या पुढच्या टोकापासून, कुठेही न थांबता, तिच्या पोटाच्या वळणाने मागच्या टोकापर्यंत न्यायचा. चुकली तर रंग ओला असेपर्यंत टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसता येते; खालचा वाळलेला रंग तसाच राहतो. त्या रविवारी वहिनींनी मला फाटकातच गाठले.

“भावोजी, आज हरकत काढू नका.”

“वहिनी, मी...”

“कशीही आली तरी छान म्हणा. आठवडाभर पाटीवर रेघा ओढून पाहताहेत. एक धड आली नाही. जेवत नाहीत नीट.” त्यांच्या हातात लाटणे होते आणि डोळे भरून आले होते, आणि या दोहोंपैकी कशाला अधिक भ्यावे हे मला कळेना. मी आत गेलो.

आरेखकांनी स्टुलावर बसून श्वास धरला, कुंचला टेकविला आणि रेघ ओढली. ती ओहोटीच्या वेळी खाडीचा काठ दिसतो तशी आली. कुंचला बाजूला ठेवून, हात मांडीखाली दाबून ते माझ्याकडे पाहू लागले. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभ्या होत्या. खोटा दाखला देणाऱ्याविरुद्ध मी आयुष्यभर पत्रे लिहिली आहेत. पण त्या क्षणी मला तो दाखला देणारा प्रत्येक कारकून समजला. मी खिशातून कागद काढला. “हरकत आहे,” मी म्हणालो.

आत लाटणे खाली पडले.

“कुठे?” आरेखकांनी विचारले.

“सुरुवातीपासून शेवटापर्यंत.”

त्यांनी फडके घेतले आणि रेघ पुसून टाकली. मग मला म्हणाले, “हल्ली मला सगळे छान म्हणतात, वकीलसाहेब. कप सांडला, छान. बँकेत सही वाकडी आली. तिथली मुलगी म्हणते, छान आहे आजोबा. तुम्ही एकटेच उरलात.” त्या दिवशी मला मिळालेल्या चहात साखर नव्हती, आणि पुढचे बरेच रविवार नव्हती.

पुढचे बरेच रविवार त्या गृहस्थांनी स्वतःच्या हाताची अशी मोजणी केली की कुठल्या वेळी तो किती हलतो याचा त्यांनी मनात नकाशाच काढला. गोळी घेतल्यावर थोड्या वेळाने हात निवतो. उपाशी पोटी अधिक निवतो. डंपर गेला की बिघडतो. कुणी ‘सावकाश’ म्हटले तर फारच बिघडतो. त्यांनी मनगटाखाली ठेवायला लाकडी टेकू केला आणि आधार घ्यावा लागला म्हणून त्या टेकूला रंगही दिला नाही. मी प्रत्येक वेळी हरकत घेतली. ते प्रत्येक वेळी पुसत. एका सकाळी, वहिनी देवाला फुले वाहत असताना, त्यांनी डाव्या अंगाला कुंचला टेकविला आणि तो निघाला. मी ते कसे सांगू? पाण्याने भरलेल्या पाटाची कड असते तशी ती रेघ टाकीच्या वळणाबरोबर वळली, फुगवट्यावर चढली, उतरली आणि मागच्या टोकाला जाऊन केसासारखी संपली. कुंचला उचलल्यावर हात पुन्हा थरथरू लागला, जणू कंप इतका वेळ बाहेर ताटकळत थांबला होता.

मी पुढून पाहिले, बाजूने पाहिले, गुडघ्यावर बसून भिंग लावून पाहिले. मग कागद खिशात ठेवला. “हरकत नाही.”

“नीट बघा.”

“पाहिले.”

“दया करता आहात तुम्ही.”

“आरेखक,” मी म्हणालो, “मी आयुष्यात कुणावर दया केलेली नाही. त्याला लेखी पुरावा आहे.”

ते हसले नाहीत. त्यांनी एक डोळा मिटला आणि स्वतःच्या रेघेकडे बराच वेळ पाहिले, आणि मग “काय माणूस होता!” हे नेहमीचे वाक्य ते म्हणतील म्हणून मी वाट पाहत राहिलो. पण ते फक्त “झालं,” म्हणाले. वहिनी निरांजन हातात तसेच घेऊन बाहेर आल्या आणि टाकीसमोर ते ओवाळावे की नाही हे न कळून उभ्या राहिल्या. चहात साखर आली. दोन चमचे असावी.

उजवी बाजू राहिली. गाडी जोडली, तिची सर्व कागदपत्रे मी स्वतः तपासून विधिवत नवी करून घेतली, आणि गोळी लागू पडल्याच्या वेळात, डॉक्टरांना विचारून, आरेखक आपल्याच गल्लीतून सकाळी वहिनींना मागे बसवून सावकाश एक फेरी मारू लागले. आपल्याकडे वाहन डाव्या बाजूने चालते हा कायदा त्यांच्या किती कामी आला पाहा. गल्लीत घरे एकाच अंगाला, त्यामुळे ओट्यावर, पायरीवर उभ्या असलेल्या माणसांना नेहमी डावी बाजूच दिसे. गल्लीच्या टोकाला ते वळत नसत, पुढच्या गल्लीने जाऊन असे फिरून येत की पुन्हा डावीच बाजू घरांकडे असावी. घरी आणून गाडी उभी करीत ती उजवे अंग भिंतीला लावून. मावशी पाटी उतरवून म्हणाली, “नवरी एका अंगानंच नटली काय ओ?” तेव्हा ते तिला म्हणाले, “दुसरी बाजू सुनावणीत आहे.”

ती सुनावणी लांबली. गोळी लागू पडण्याचा वेळ आखडत गेला. एक दिवस फेरी बंद झाली, आणि ती बंद करण्याचा निर्णय त्यांनी कुणी सांगण्याआधी स्वतःच घेतला. मात्र रविवारी गाडी भिंतीपासून ओढून घ्यायची, सोनेरी रंग ढवळायचा, त्यांनी रेघ ओढायची, मी हरकत घ्यायची आणि त्यांनी पुसायची, हे चालू राहिले. पुसताना त्यांना आता दुसऱ्या हाताने मनगट धरावे लागे. मी तरीही हरकत घेत राहिलो. ती न घेण्याचा अर्थ त्यांना माझ्याइतकाच ठाऊक होता.

मग एका रविवारी त्यांनी कुंचला उचलला आणि माझ्यापुढे धरला.

“आज तुम्ही ओढा.”

“मी? मला रेघ येत नाही, आरेखक. मी इतरांच्या चुकांखाली ओढतो तेवढीच.”

“माहीत आहे. ओढा. हरकत मी घेतो.”

मी स्टुलावर बसलो. ते खुर्चीत मागे टेकून बसले, हात मांडीवर उघडेच, आणि ते हलू दिले. मी श्वास धरला. माझा हात तोपर्यंत सर्व दृष्टींनी निरोगी होता. पण त्या एका मिटलेल्या डोळ्यासमोर तो असा लटपटला की कुंचला टाकीच्या मध्यावरच वाट सोडून वर गेला.

“हरकत,” आरेखक म्हणाले. हा शब्द इतक्या चवीने उच्चारता येतो हे मला नवे होते. “आधी घाई केलीत. मध्ये विचार केलात. आणि शेवटी मी बोलेन म्हणून घाबरलात.”

“मान्य,” मी म्हणालो, आणि फडके घेतले.

दारातून वहिनी म्हणाल्या, “आता कळलं का भावोजी, कसं वाटतं ते?” आणि कित्येक महिन्यांनी त्या घरात तिघेही एकदम हसलो.

तेव्हापासून रविवारी मीच रेघ ओढतो. आरेखकांची हरकत तोंडी असते, कारण लिहिणे आता त्यांना जमत नाही. पण ती कधी चुकीची नसते. बोलणेही हळू झाले आहे, तरी ‘हरकत’ हा शब्द स्पष्ट येतो. माझी रेघ पूर्वीपेक्षा बरी येते असे ते एकदा म्हणाले, लगेच ‘थोडीशी’ असे जोडले, आणि मी घरी येईपर्यंत ते वाक्य मनात घोळवीत राहिलो. टाकीची उजवी बाजू अजून तशीच डाळिंबी आहे. फक्त सकाळचे ऊन तिरपे आले की तिच्यावर एक फिकट सोनेरी धूसर झाक दिसते. इतक्या रविवारच्या, त्यांच्या आणि माझ्या, पुसलेल्या रेघांचा तो उरलेला रंग आहे. फडक्याने निघत नाही. नियमाने पाहिले तर तो दोष आहे, आणि आम्हा दोघांच्याही तो केव्हाच ध्यानात आलेला आहे. त्यावर मी अद्याप हरकत घेतलेली नाही. त्यांनीही नाही.